झारशाही बुडाली, खापर कोणावर? निकोलस की त्याचे सेनापती

लेनिनला यादीतून आधीच वगळा. झार पायउतार झाला तेव्हा तो झुरिचमध्ये बसला होता. राणीच्या मर्जीतल्या रास्पुतिन या साधूने राजघराण्याची अब्रू घालवली खरी, पण त्याचा खून डिसेंबर १९१६ मधला, आणि त्यानंतरही कारभार काही सुधारला नाही. उरतात दोन तगडे दावेदार: खुद्द दुसरा निकोलस आणि त्याचे सेनापती. (पुढच्या तारखा तेव्हाच्या रशियन पंचांगाच्या, आजच्या हव्यात तर १३ दिवस मिळवा.)

सेनापतींविरुद्धची फिर्याद कच्ची नाही. १ मार्च १९१७ च्या रात्री प्स्कोव्हला येऊन अडकलेल्या झारला उत्तर आघाडीचा सेनापती रुझ्स्की याने ड्यूमाला, म्हणजे रशियाच्या संसदेला, जबाबदार मंत्रिमंडळ द्यायला राजी केलं. पहाटे ड्यूमाचा अध्यक्ष रोद्झ्यान्को तारयंत्रावर म्हणाला, आता एवढ्यावर भागणार नाही. सकाळी मोगिल्योव्हच्या लष्करी मुख्यालयातून चीफ ऑफ स्टाफ अलेक्सेयेवने आघाड्यांच्या प्रमुखांना तार केली, पण प्रश्नच असा घातला की उत्तर एकच यावं: महायुद्ध चालवायचं तर झारने जावं. दुपारपर्यंत होकार गोळा झाले, त्यात झारचा चुलत काका निकोलाय निकोलायेविचही होता. त्या दिवशी झारने डायरीत लिहिलं: सगळीकडे फितुरी, भ्याडपणा आणि फसवणूक.

एवढंच वाचलं तर खटला संपला असं वाटतं. पण पाळी इथवर आली कशी? २३ फेब्रुवारीला राजधानी पेत्रोग्राडच्या बायका पावासाठी रस्त्यावर उतरल्या, तेव्हा शहराचा लष्करी प्रमुख खबालोव्ह गोळीबार टाळत होता. २५ ला रात्री झारची तार आली: उद्याच्या उद्या दंगे थांबवा. २६ ला गोळ्या चालल्या. झाडणाऱ्यांत वोलिन्स्की रेजिमेंटच्या प्रशिक्षण तुकडीचे शिपाई होते. २७ ला सकाळी त्यांच्या कॅप्टनचा मुडदा पडला आणि बंड एका बराकीतून दुसरीत पसरलं. त्या रात्रीही झारचा धाकटा भाऊ मिखाईल त्याला नवा पंतप्रधान नेमा म्हणून विनवत होता. सुंभ जळला तरी पीळ जाईना.

इथवर दोन्ही पारडी जवळपास समान, असं कोणी म्हटलं तर मी भांडणार नाही. माझ्या मते घोडं पेंड खातं ते २ मार्चच्या दुपारनंतर. सेनापतींनी झारला जायला सांगितलं होतं, झारशाहीला नव्हे: गादी बारा वर्षांच्या अलेक्सेईला, राज्यप्रतिनिधी मिखाईल. तीनच्या सुमारास निकोलसने तेच कबूलही केलं. मग डॉक्टर फ्योदोरोव्हशी मुलाच्या हिमोफिलियाबद्दल (रक्त न गोठण्याच्या आजाराबद्दल) बोलणं झालं, पोराची ताटातूट होणार हे ध्यानात आलं, आणि रात्री ड्यूमातले गुचकोव्ह-शुल्गिन पोचेपर्यंत त्याने बेत बदलला होता. मुलाचाही हक्क त्याने परस्पर सोडून दिला. पहिल्या पावेलच्या १७९७ च्या वारसा कायद्याने बापाला असला अधिकारच नव्हता. ज्याच्या गळ्यात गादी बांधली, त्या मिखाईललाही विचारलं नाही. सही झाली मध्यरात्रीच्या आधी काही मिनिटं. कागदावर वेळ घातली दुपारी ३ वाजून ५ मिनिटं.

बाप म्हणून त्याचं चुकलं असं म्हणवत नाही, आणि आजारी पोर पेत्रोग्राडच्या सोविएतपुढे (कामगार-शिपायांच्या क्रांतिकारी सभेपुढे) किती टिकलं असतं हाही प्रश्नच आहे. तरी कायदेशीर वारस हातात असणं वेगळं. ३ मार्चला ड्यूमातला पुढारी मिल्युकोव्ह मिखाईलला, तू तरी गादी घे, म्हणून गळ घालत होता, तेव्हा समोर बसलेला रोद्झ्यान्को त्याच्या जिवाची हमी द्यायलाही तयार नव्हता. संविधान सभेने दिली तरच घेईन, असं लिहून देऊन मिखाईल मोकळा झाला.