व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस : घरगुती व्यावसायिकाच्या चष्म्यातून एक परीक्षण

घरातून व्यवसाय करणाऱ्याकडे प्रसिद्धीसाठी पैसा कमी असतो, आणि वेळ त्याहूनही कमी असतो. माल तयार करणारा, फोन उचलणारा, हिशेब ठेवणारा आणि पार्सल बांधणारा माणूस एकच असल्यामुळे, फुकट मिळणारे एखादे साधन रोजचे दोन तास खात असेल तर ते स्वस्त आहे असे म्हणता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे अ‍ॅप छोट्या व्यावसायिकांसाठी म्हणून जानेवारी २०१८ मध्ये बाजारात आले आणि त्याची मूळ आवृत्ती आजही मोफत आहे. तेव्हा त्याचे मोल करायचे ते वेळाच्याच मापाने. मागणीप्रमाणे लोकरी वस्तू विणून देण्याच्या माझ्या छोट्या उद्योगासाठी मी ते वापरते, आणि पुढील मते त्या वापरातून बनलेली आहेत.

माझा निष्कर्ष आधीच सांगून टाकते. ज्यांना आपण ठाऊक आहोत त्यांना सांभाळण्यासाठी हे साधन उत्तम आहे. ज्यांना आपण ठाऊकच नाही त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी ते जवळजवळ निरुपयोगी आहे. अ‍ॅपबद्दलची बहुतेक नाराजी हा फरक लक्षात न घेतल्यामुळे निर्माण होते, असे माझे निरीक्षण आहे.

अ‍ॅप सुरू करण्यात विशेष काही नाही. साध्या व्हॉट्सअ‍ॅपसाठी वापरात असलेला नंबर त्याच वेळी बिझनेससाठी वापरता येत नाही, म्हणून व्यवसायाला वेगळा नंबर घ्यावा हे बरे. एकाच फोनवर दोन्ही अ‍ॅप्स शेजारी शेजारी नांदतात. घरच्या लँडलाइनवरसुद्धा हे खाते उघडता येते, कारण पडताळणीचा अंक मेसेजऐवजी फोन कॉलवर ऐकता येतो. स्वतःचा मोबाइल नंबर चारचौघांत जाऊ नये असे वाटणाऱ्यांसाठी ही सोय मोलाची आहे. प्रोफाइलमध्ये पत्त्याचा रकाना असतो, पण तो भरलाच पाहिजे असे नाही. घर हेच कामाचे ठिकाण असेल तर तो कोरा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण नंबर ज्याच्या हाती आहे अशा कोणालाही हे प्रोफाइल उघडून पाहता येते.

खरी परीक्षा कॅटलॉगपासून सुरू होते. २०१९ च्या अखेरीस आलेल्या या सुविधेत ५०० पर्यंत वस्तू मांडता येतात आणि प्रत्येक वस्तूला नाव, किंमत, वर्णन, लिंक आणि दहापर्यंत छायाचित्रे जोडता येतात. घरगुती व्यवसायात ५०० वस्तू कोणाच्या असतात, हा प्रश्नच आहे. माझ्या मते वीस-पंचवीस नीट मांडलेल्या वस्तूंचा कॅटलॉग दोनशे वस्तूंच्या गर्दीपेक्षा जास्त विक्री करतो. वर्णनाच्या जागेत बहुतेक जण 'सुंदर, आकर्षक, उत्तम दर्जा' असे लिहून मोकळे होतात आणि मग तेच चार प्रश्न दिवसभर झेलत बसतात. बाळाच्या ब्लँकेटखाली मी लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, लोकरीचा प्रकार, धुण्याची रीत, विणायला लागणारे दिवस आणि 'रंग दिवसाच्या उजेडातील छायाचित्रात आहे तसाच, मात्र लोकरीच्या नव्या लॉटमध्ये छटा किंचित बदलू शकते' इतके लिहिते. एवढे लिहिल्यावर विचारणा करणारा माणूस थेट रंग आणि तारीख यांवर येतो, आणि मधले दहा-बारा मेसेज टळतात. किंमत लिहिणे ऐच्छिक आहे. तरीही ती लिहावीच, कारण 'किंमत इनबॉक्समध्ये' या पद्धतीने उत्सुकता वाढत नाही, फक्त मेसेज वाढतात.

कॅटलॉगच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. गिऱ्हाईक वस्तू निवडून कार्ट पाठवू शकते, पण ती कार्ट म्हणजे केवळ नीट मांडलेला एक मेसेज असतो; शिल्लक किती आहे, याचा हिशेब अ‍ॅप ठेवत नाही. एकच नग उरला असेल आणि दोघांनी तो मागितला, तर कोणाला नाही म्हणायचे हे आपणच ठरवायचे. यावर उपाय एवढाच, की विकली गेलेली वस्तू त्याच वेळी कॅटलॉगमधून लपवावी; ती काढून टाकण्याची गरज नसते, त्यामुळे पुढे तीच वस्तू पुन्हा दाखवणे सोपे जाते. शिवाय प्रत्येक वस्तू व्हॉट्सअ‍ॅप कंपनीच्या व्यापारविषयक नियमांत बसते की नाही हे तपासले जाते. औषधे, मद्य, तंबाखू, जिवंत प्राणी यांना तिथे जागा नाही. त्यामुळे एखादे घरगुती मलम किंवा औषधी तेल बनवणाऱ्याने आपला सगळा डोलारा कॅटलॉगवर उभारण्यापूर्वी ते नियम वाचून घ्यावेत.

वेळेच्या हिशेबात अ‍ॅपचा सर्वांत मोठा फायदा क्विक रिप्लायमध्ये आहे, आणि गंमत म्हणजे प्रसिद्धीचे साधन म्हणून त्याचे नाव क्वचितच घेतले जाते. तिरकी रेघ टंकून आपणच ठरवलेला छोटा शब्द लिहिला की संपूर्ण उत्तर समोर येते. अशी ५० उत्तरे साठवता येतात. मला त्यांतली मोजकीच लागतात. मापे कशी घ्यावीत, आगाऊ रक्कम कधी द्यावी, पार्सल पोहोचल्यावर काय तपासावे, ही उत्तरे एकदा शांतपणे बसून लिहिली की ती थकलेल्या संध्याकाळीही तितकीच सभ्य आणि पूर्ण राहतात. गिऱ्हाइकाच्या मनात व्यवसायाची जी प्रतिमा तयार होते, ती जाहिरातीतून फार थोडी आणि या उत्तरांतून फार जास्त तयार होते.

त्या तुलनेत आपोआप जाणारे स्वागताचे आणि अनुपस्थितीचे मेसेज बेताचेच उपयोगी आहेत. स्वागताचा मेसेज पहिल्यांदा लिहिणाऱ्याला, किंवा १४ दिवस काहीच बोलणे झाले नसेल तर पुन्हा, आपसूक जातो. तो लांबलचक असला की यंत्राशी बोलल्यासारखे वाटते. उत्तर साधारण केव्हा मिळेल आणि तोवर कॅटलॉग पाहता येईल, एवढ्या दोन वाक्यांवर थांबावे.

आता ब्रॉडकास्ट लिस्टकडे वळते, कारण 'कमी पैशांत प्रसिद्धी' म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हीच सुविधा असते. एका यादीत २५६ जणांपर्यंत नंबर घालता येतात, आणि प्रत्येकाला तो मेसेज वैयक्तिक आल्यासारखा दिसतो. त्याचे उत्तरही फक्त आपल्याकडे येते. ग्रुपमध्ये सर्वांचे नंबर सर्वांना दिसतात, तसे इथे होत नाही, म्हणून गिऱ्हाइकांसाठी ग्रुपपेक्षा ही पद्धत कितीतरी बरी. मात्र यात एक मेख आहे: ज्यांनी आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे, त्यांनाच हा मेसेज पोहोचतो. यादी मोठी दिसते, पाठवल्याचे समाधानही मिळते, पण मेसेज दाबून धरून त्याची माहिती उघडली की 'वाचला' आणि 'पोहोचला' या मथळ्यांखालची नावे मिळूनही यादीपेक्षा बरीच कमी भरतात. अनेकांना ही अट जाचक वाटते. मला ती या अ‍ॅपमधली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते, कारण ज्याने नंबर जपून ठेवला त्यानेच ऐकण्याची तयारी दाखवलेली असते, आणि बाकीच्यांना सतत मेसेज पाठवून आपण फक्त ब्लॉक होण्याची वेळ जवळ आणतो. बऱ्याच लोकांनी ब्लॉक केले किंवा तक्रार नोंदवली, तर खाते बंद होऊ शकते. स्वस्तात हजारो नंबरांवर मेसेज पाठवून देण्याचे आश्वासन देणारी अनधिकृत सॉफ्टवेअरे तर सरळ नियमांविरुद्ध आहेत. त्यांपायी नंबर गेला, तर गिऱ्हाइकांशी असलेला दुवाच जातो, आणि तो नंबर छापलेली सगळी पत्रके रद्दीत.

म्हणून ब्रॉडकास्टच्या आधी लेबले वापरावीत. रंगीत लेबले लावून संभाषणे वेगळी करण्याची ही साधी सोय आहे. 'नवे गिऱ्हाईक', 'पैसे येणे बाकी' अशी काही तयार मिळतात आणि स्वतःची धरून एकूण २० करता येतात. 'पैसे येणे बाकी' हे लेबल हिशेबाला उपयोगी आहे, पण प्रसिद्धीच्या दृष्टीने लेबल माणसाच्या गरजेवरून द्यावे. माझ्याकडे 'तान्हे बाळ', 'मोठ्यांचे स्वेटर', 'भेट म्हणून घेणारे' आणि 'फक्त चौकशी' अशी लेबले आहेत. तान्ह्या बाळासाठी टोपडे घेतलेल्या घरात काही महिन्यांनी मोठ्या मापाची गरज पडणार, हे सांगायला कुठल्याही सर्वेक्षणाची आवश्यकता नाही. योग्य वेळी त्या थोड्या घरांना पाठवलेला एक मेसेज, सरसकट सर्वांना पाठवलेल्या 'नवीन माल आला आहे' पेक्षा कितीतरी अधिक उत्तरे आणतो. गिऱ्हाइकांच्या आवडीनिवडी टिपून ठेवणाऱ्या जुन्या दुकानदाराच्या खतावणीचे काम हे अ‍ॅप करते, आणि तिथेच त्याची किंमत वसूल होते.

स्टेटसबद्दल थोडक्यात. ते २४ तासांत नाहीसे होते आणि दोघांकडेही एकमेकांचा नंबर सेव्ह असेल तरच दिसते. पाहायचे की नाही हे समोरच्यावर असल्यामुळे त्याचा त्रास कोणाला होत नाही. तयार वस्तूच्या छायाचित्रापेक्षा सुयांवर अर्धे विणलेले काम दाखवले की विचारणा जास्त येते, असा माझा अनुभव आहे.

अ‍ॅपची सर्वांत मोठी उणीव आकडेवारीत आहे. किती मेसेज पाठवले, पोहोचले, वाचले गेले आणि आले, एवढेच ते सांगते. नवे गिऱ्हाईक कुठून आले, हा जो प्रश्न तुटपुंजे पैसे खर्च करणाऱ्याला सर्वांत महत्त्वाचा, त्यावर ते गप्प बसते. पत्रके छापावीत की प्रदर्शनात टेबल घ्यावे की इन्स्टाग्रामवर वेळ घालवावा, हे ठरवायचे कशाच्या आधारावर? सुदैवाने यावर बिनखर्चाचा एक मार्ग आहे. आपल्या नंबरवर थेट संभाषण उघडणारी लिंक तयार करता येते आणि तिच्यात आधीच लिहिलेला मजकूर घालता येतो. प्रत्येक ठिकाणासाठी हा मजकूर वेगळा ठेवावा: पत्रकावरच्या लिंकमध्ये 'नमस्कार, पत्रक पाहून लिहीत आहे', पार्सलमधल्या कार्डावर 'नमस्कार, पुन्हा मागणी द्यायची आहे', असा. पहिलाच मेसेज आपला पत्ता सांगत येतो. त्यावर लेबल लावले की महिनाअखेरीस नुसती मोजणी उरते. एक तांत्रिक बाब मात्र ध्यानात ठेवावी. लिंकमध्ये देवनागरी मजकूर घातला की प्रत्येक अक्षरचिन्हाची नऊ इंग्रजी चिन्हे होतात आणि टक्क्यांच्या खुणांनी भरलेली ती लांब ओळ छापण्याजोगी राहत नाही. तिचा क्यूआर कोड करून छापावा, म्हणजे मजकूर मराठीतच राहतो. मजकूर लांब असेल तर कोड दाट होतो, आणि लहान आकारात छापल्यावर कॅमेऱ्याला वाचता येत नाही. म्हणून तो चार-पाच शब्दांचाच ठेवावा आणि छपाईला देण्याआधी दोन वेगवेगळ्या फोनवर तपासून पाहावा.

पैसे देऊन करायच्या जाहिराती, म्हणजे फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर दिसणारी आणि दाबल्यावर थेट आपल्याशी संभाषण उघडणारी जाहिरात, अगदी छोट्या रकमेपासून सुरू करता येते. कॅटलॉग अपुरा आणि उत्तरे तयार नसताना ती करणे म्हणजे पैसे देऊन स्वतःची तारांबळ विकत घेणे होय. उत्तरांची घडी नीट बसल्यावर, तेही एकाच वस्तूसाठी आणि मोजक्या दिवसांपुरती करून पाहायला हरकत नाही.

अनोळखी गिऱ्हाइकासाठी या अ‍ॅपला जोडीदार हवा, आणि मोफत साधनांत तो गूगल बिझनेस प्रोफाइलइतका चांगला दुसरा मला दिसत नाही. गूगलच्या शोधात आणि नकाशावर व्यवसायाची माहिती दाखवणारे हे पान; शोधणारा माणूस तिथे आधीच गरज घेऊन आलेला असतो. घराचा पत्ता लपवून केवळ सेवा देण्याचा परिसर दाखवण्याची सोय तिथे आहे. मात्र गिऱ्हाइकांना प्रत्यक्ष न भेटता सर्व व्यवहार केवळ ऑनलाइन करणाऱ्यांना हे प्रोफाइल नियमानुसार मिळत नाही. घरी येऊन शिकवणारे, दुरुस्ती करणारे, मापे घेऊन कपडे शिवणारे यांना त्याचा पुरेपूर लाभ होतो, तर फक्त टपालाने माल पाठवणाऱ्याला दुसरी वाट शोधावी लागते. तिथल्या अभिप्रायांवर नव्या माणसाचा विश्वास बसतो आणि ते मागण्याचे काम पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवरच सोपे जाते: वस्तू पोहोचल्यावर दोन दिवसांनी आभाराची एक ओळ आणि अभिप्रायाची लिंक, असा एक क्विक रिप्लाय करून ठेवावा. त्यात सवलतीचे आमिष घालू नये, कारण मोबदला देऊन अभिप्राय मिळवण्यास गूगलची मनाई आहे.