खारपाणपट्ट्यातल्या घरासाठी वाफेची इस्त्री

दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या बाजूच्या विजेच्या सामानाच्या दुकानांत आता साध्या इस्त्रीशेजारी वाफेच्या इस्त्र्याही मांडलेल्या दिसतात, आणि दुकानदार गिऱ्हाइकाला सर्वांत आधी दाखवतो तो खोक्यावरचा वाफेचा आकडा, म्हणजे मिनिटाला किती ग्रॅम वाफ सुटते तो. फिलिप्स, बजाज, उषा, हॅवेल्स अशा ओळखीच्या कंपन्यांचे या वस्तूतले पर्याय पुष्कळ आहेत. आमच्या घरी १२५० वॅटची एक वाफेची इस्त्री गेल्या दिवाळीपासून वापरात असून मुलांचे गणवेश, सुती साड्या आणि बिनखळीचे खादीचे सदरे तिच्यावरच होतात. तिच्या कामावर मी एकंदरीत समाधानी आहे. मात्र आपल्या भागात ही वस्तू निवडताना खोक्यापेक्षा घरातली लाइन आणि घरातले पाणी आधी पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम लाइनचे. उन्हाळ्यात संध्याकाळी गावभरचे कूलर एकदम सुरू झाले की डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, ताण येतो आणि व्होल्टेज २३० वरून १८० पर्यंत उतरले तरी कोणाला नवल वाटत नाही. इस्त्रीची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, त्यामुळे १८० व्होल्टवर १२५० वॅटची इस्त्री जेमतेम साडेसातशे वॅटची उरते. साध्या इस्त्रीचे यात फारसे बिघडत नाही, ती फक्त उशिरा तापते. वाफेच्या इस्त्रीचे गणित वेगळे आहे. खोलीतल्या तापमानाच्या एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २५५० ज्यूल उष्णता लागते. म्हणजे मिनिटाला १५ ग्रॅम वाफ सोडायची तर जवळपास ६४० वॅट त्यातच खर्ची पडतात आणि कापड तापवायला शे-सव्वाशे वॅटच शिल्लक राहतात. तळ थंडावतो, पुढचे पाणी उकळत नाही आणि भोकांतून वाफेऐवजी थेंब गळू लागतात. अशा वेळी इस्त्रीचा लाल दिवा पेटला की विझतच नाही, हीच ओळखीची खूण आहे. तेव्हा वाफेची कळ बंद करून साध्या इस्त्रीसारखे काम उरकावे, किंवा सकाळी लवकर, व्होल्टेज भरपूर असताना, आठवड्याचे कपडे काढावेत.

मग २००० वॅटचीच का घेऊ नये, असे कोणी विचारील. पूर्ण व्होल्टेजवर ती पावणेनऊ अँपिअर ओढते, आणि खेड्यातल्या बहुतेक घरांत खोलीतला पॉइंट सहा अँपिअरचा असतो. त्यातून तारा गरम होऊन प्लग वितळण्याची भीती राहते. १६ अँपिअरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग असेल तरच तिचा विचार करावा. १२५० वॅटची इस्त्री साडेपाच अँपिअरच्या आत बसते, म्हणून मी तीच सुचवीन. इन्व्हर्टरवर दोन्हींपैकी कोणतीच लावू नये.

पाण्याचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून पसरलेल्या खारपाणपट्ट्यातले विहिरीचे व बोअरचे पाणी चवीलाच खारट लागते. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालतील, असे भारतीय मानक सांगते. २००० टीडीएसच्या, म्हणजे लिटरला २००० मिलिग्रॅम क्षार विरघळलेल्या, पाण्याने भरलेली २०० मिलिलिटरची टाकी वापरून संपली की वाफ तेवढी बाहेर जाते आणि सुमारे ०.४ ग्रॅम क्षार मागे उरतो. दहा टाक्यांत हा हिशेब चार ग्रॅमवर जातो. त्यातला काही भाग भोकांच्या कडेला पांढऱ्या पापुद्र्यासारखा धरतो, काही आतला मार्ग बुजवतो, आणि काही एखाद्या दिवशी तपकिरी शिंतोडा होऊन नेमका पांढऱ्या गणवेशाच्या खिशावर उतरतो.

तुरटी फिरवून किंवा फडक्याने गाळून हा क्षार जात नाही. तुरटीने गाळ बसतो, विरघळलेले तसेच राहते. उकळल्यानेही थोडाच फरक पडतो. गावातल्या आरओच्या कॅनचे पाणी चांगले चालते. ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटरही चालते, पण ते सीलबंद आणि नाव वाचूनच घ्यावे, कारण त्याच दुकानात तशाच कॅनमध्ये बॅटरीचे ॲसिडही विकायला असते. पावसाळ्यात पहिल्या दोन-चार सरी जाऊ देऊन पागोळीचे स्वच्छ पाणी गाळून भरून ठेवले, तर त्यात क्षार फारच थोडे असतात.

म्हणूनच ‘सेल्फ क्लीन’ची सोय नसलेली इस्त्री घेऊच नये. टाकी भरून इस्त्री पूर्ण तापवायची, प्लग काढायचा, मोरीवर आडवी धरून ती कळ दाबायची आणि हलवत राहायचे. गरम पाण्याबरोबर आतले खडे बाहेर पडतात. महिन्यातून एकदा हे केले की पुरते. टाकीत व्हिनेगर किंवा लिंबू घालण्याचा सल्ला पुष्कळ लोक देतात, पण बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात त्याला स्पष्ट मनाई असते.

तळ नॉनस्टिक की सिरॅमिक, यावर मी फार वेळ घालवणार नाही; न अडखळता सरकणारा कोणताही चालेल, फक्त शर्टाच्या गुंड्यांवरून आणि पँटच्या चेनवरून नॉनस्टिक तळ ओढू नये. वायर दोन मीटरच्या आसपास असावी आणि आयएसआयचे चिन्ह असल्याशिवाय वस्तू हातात घेऊ नये.

कापडाच्या बाबतीत मात्र वाफेचे कौतुक सरसकट करता येत नाही. सुती साडी आणि जाड गणवेश यांवर ती उत्तम चालते, चुण्या एका हातात बसतात. खळ घातलेल्या खादीला मात्र पाणी शिंपडून, गुंडाळून ठेवून जड साध्या इस्त्रीनेच करावे. तशी कडक घडी वाफेने येत नाही, उलट खळ तळाला चिकटून करपते. भंडाऱ्याकडची टसरची करवती साडी तर वाफेखाली धरूच नये. रेशमाला इस्त्रीच्या चकतीवरच्या एका, फार तर दोन ठिपक्यांची उष्णता पुरते, त्या उष्णतेवर वाफ नीट बनत नाही, आणि गळलेल्या एका थेंबाचा डाग पदरावर कायमचा बसू शकतो. ती उलट बाजूने, वर सुती कापड टाकून, कोरडीच करावी. यासाठी घरातली जुनी इस्त्री मोडीत काढू नये.

दुरुस्तीचाही विचार खरेदीआधीच करावा. साध्या इस्त्रीचे कॉइल किंवा थर्मोस्टॅट तालुक्याचा कारागीर बदलून देतो, पण वाफेचा कप्पा बुजला की तो बहुधा हात वर करतो, आणि क्षारामुळे झालेला बिघाड वॉरंटीत सहसा धरला जात नाही. त्यामुळे ज्या कंपनीचे सेवा केंद्र अकोल्याला किंवा अमरावतीला आहे तिचीच वस्तू घ्यावी, आणि पैसे देण्याआधी दुकानातच पाणी भरून, दिवा विझेपर्यंत तापवून, कोरड्या कापडावर आडवी चालवून दाखवायला सांगावे.