शाळूची कडक भाकरी की नाचणीचं बिस्कीट? इंधनाचा हिशेब आधी करा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी भागातले बचत गट हल्ली भरडधान्याच्या धंद्यात उतरताहेत आणि प्रश्न एकच येतो: भाकरी करायची की बिस्किटं? बहुतेक जणी पिठाचा भाव काढतात. खरा फरक पडतो तो इंधनात.

भाकरीचं इंधन जातं पाण्यावर. एक किलो शाळूच्या पिठाला पाऊण ते एक लिटर पाणी लागतं आणि भाकरी कडक व्हायची तर ते जवळजवळ सगळं उडवावं लागतं. एक लिटर पाणी तापवून वाफ करायला काहीही वाया न जाता ०.७ युनिट (वीजबिलातलं युनिट, म्हणजे किलोवॅट-तास) उष्णता लागते. म्हणजे दहा किलो पिठाला निदान पाच ते सात युनिटं. आणि तव्याच्या कडेने निघून जाणारी गॅसची आच यात धरलेलीच नाही.

बिस्किटात तूप-साखर जास्त, दूध-पाणी कमी. किलो नाचणीला दीड-दोनशे मिली पुरतं. इथे इंधन खातो तो ओव्हनच. समजा सहा किलोवॅटचा ओव्हन तापायला अर्धा तास लागला, तर ट्रे आत जाण्याआधीच तीन युनिटं गेली. पुढच्या दोन किलोच्या एका घाण्याला एक युनिट धरा. एकच घाणा काढलात तर किलोला दोन युनिटं, लागोपाठ दहा काढलेत तर ०.६५. दुपारी एक आणि संध्याकाळी एक असे घाणे काढणाऱ्या गटाने विजेचा ओव्हन घेऊच नये, असं मला कळकळीने सांगायचं आहे. घ्यायचाच असेल तर आठवड्यातले दोन दिवस ठरवून सलग भाजा. थ्री-फेज कनेक्शन लागणार असेल तर हेस्कॉमकडून, म्हणजे इथल्या वीज कंपनीकडून, आधी मंजूर करून घ्या.

नाचणीचं आणखी एक: पीठ मुळातच तांबूस-काळसर, त्यामुळे रंगावरून भाजणी कळत नाही. घड्याळ लावा. जास्त भाजलं की वीजही वाया जाते आणि बिस्कीट कडू लागतं.

गावात पावाची लाकडी भट्टी असेल तर पहिल्यांदा तिथे विचारा. पाव काढल्यावर विटांत उरलेली ऊब नाचणीच्या बिस्किटांना चांगली मानवते, कारण त्यांना पावापेक्षा मंद आच हवी. त्या उबेसाठी नवं लाकूड जळत नाही.

भाकरीलाही हीच युक्ती लागू आहे. तव्यावर दोन्ही बाजू शेकल्या, आचेवर धरून फुगवली की गॅस बंद. पुढचं वाळवणं चुलीच्या वैलावर (बाजूच्या जोडतोंडावर) किंवा उन्हात, पातळ कापडाखाली. फक्त खानापूरच्या पावसात, जून ते सप्टेंबर, ऊन मिळत नाही आणि ओलं लाकूड बरीच आच स्वतःलाच वाळवण्यात घालवतं. त्यासाठी लाकूड उन्हाळ्यातच फोडून छपराखाली रचायला हवं.

माझं मत विचाराल तर बेळगावच्या बाजारात खडक रोट्टी (हीच कडक भाकरी) म्हणून मागणारं गिऱ्हाईक रोजचं आहे, तेव्हा घरटी चूल असलेल्या गटाने भाकरीच धरावी. बिस्किटं भट्टीवाल्याशी बोलणं झाल्यावर.