एक टनी चेन ब्लॉक : पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

विकताना दुकानदार म्हणाला, "हजार किलो एकटा माणूस उचलतोय बघा." खोटं नाही, पण निम्मंच सांगितलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं छोटं मशीन शॉप आहे. शिरोलीच्या फाउंड्रीतून येणारी कास्टिंगं, म्हणजे ओतीव भाग, लेथवर चढवायला गेले सात-आठ महिने हाच चेन ब्लॉक, म्हणजे हातानं साखळी ओढून भार उचलायचं यंत्र, वापरतोय.

हातसाखळीला, म्हणजे आपण ओढतो त्या साखळीला, स्प्रिंगकाटा लावून बघितलं. साडेतीनशे किलोच्या कास्टिंगला ओढ लागली साडेबारा किलो, म्हणजे यांत्रिक फायदा (भार भागिले ओढ) २८. पण भार एक फूट वर यायला साखळी ४४ फूट ओढावी लागते. २८ भागिले ४४, कार्यक्षमता जेमतेम ६४ टक्के. उरलेलं गियर, बेअरिंग आणि साखळीच्या घर्षणात जिरलं. आंबा घाट पहिल्या गियरमध्ये चढण्यातलाच प्रकार : जोर कमी, फेरे जास्त.

म्हणून चाळीस किलोची मोटर याला टांगणं म्हणजे नुसता वैताग. फुटाला ४४ फूट तिथंही चुकत नाहीत. गडी म्हणतात, "मालक, हातानंच उचलू की!" खरं आहे त्यांचं.

पैसे वसूल होतात ते चकपाशी, म्हणजे लेथवर काम पकडणाऱ्या जबड्यांपाशी. हातसाखळी वीतभर ओढली की कास्टिंग पाचच मिलिमीटर सरकतं, त्यामुळं जबड्यांत बरोबर बसवता येतं. आणि साखळी सोडली तरी ते जागचं हलत नाही. आत ब्रेक आहे : घर्षणाच्या चकत्या आणि रॅचेट, म्हणजे एकाच दिशेनं फिरू देणारं दातेरी चाक. भार जितका जड तितक्या चकत्या घट्ट आवळतात. वर घेताना टकटक वाजतो तो रॅचेटचा खटका. स्क्रू जॅकचंही तसंच. त्याची निम्म्याहून जास्त मेहनत घर्षण खातं, म्हणून तर गाडी आपोआप खाली येत नाही.

तक्रारी दोन. हुकातून भार निसटू नये म्हणून असते त्या पट्टीची स्प्रिंग लवकर ढिली झाली, ती लगेच बदलून घेतली. आणि पावसाळ्यात भारसाखळी, म्हणजे भार टांगलेली साखळी, गंजायला लागली. साखळीला तेल द्या, पण ब्रेकच्या चकत्यांवर थेंबही जाऊ देऊ नका.

इलेक्ट्रिक होइस्ट, म्हणजे मोटरवर चालणारा ब्लॉक, का नाही, असं बरेच जण विचारतात. माणूस सलग काम करताना साधारण ७५ वॅट देतो. त्या हिशेबानं साडेतीनशे किलो मीटरभर उचलायला सव्वा मिनिट जातं, आणि चेन ब्लॉक कितीही भारी घेतला तरी हे ७५ वॅट वाढत नाहीत. दिवसाला चार-पाच कास्टिंगं असतील तर चालतंय. वीस-पंचवीस असतील तर सरळ मोटरवाला घ्या.