चालणं थोडं, वाळवंट अफाट: आई-बाबांना कुठल्या पॉइंटवर न्यावं?

आई-बाबा अमेरिकेत आले की सहलीचा बेत ठरताना पहिला प्रश्न हमखास येतो, ‘किती चालावं लागेल?’ पश्चिमेकडच्या वाळवंटी राष्ट्रीय उद्यानांतल्या ज्या चार पॉइंटांबद्दल इथे लिहिते आहे, त्या चारही ठिकाणी याचं उत्तर जवळपास सारखंच आहे: पाव मैल, म्हणजे चारशे मीटर, किंवा त्याहून कमी. चौघांकडेही पक्की वाट जाते. त्यामुळे नुसत्या अंतरावरून काही ठरत नाही. गुडघेदुखी असलेल्या किंवा व्हीलचेअरवरच्या माणसासाठी तीन वेगळ्या गोष्टी विचारायला हव्यात. वाटेला चढ किती? वर पोचल्यावर खुर्चीत बसल्या बसल्या दृश्य दिसतं, की कठड्यापाशी उभं राहावं लागतं? आणि ज्या महिन्यात ते येणार आहेत, त्या महिन्यात तिथली हवा कशी असते?

झॅब्रिस्की पॉइंट, डेथ व्हॅली

नुसत्या सौंदर्याचा विचार केला तर माझ्या मते चौघांत हाच पहिला. पिवळ्या, सोनेरी, मधूनच तपकिरी मातीच्या टेकड्या निऱ्या घातल्यासारख्या एकीला लागून एक उतरत गेलेल्या दिसतात. पन्नास लाख वर्षांपूर्वी इथे तलाव होता. त्याच्या तळाशी बसलेला गाळ आणि ज्वालामुखीची राख पुढे जमिनीच्या हालचालींनी वर उचलली गेली, कलली. इथे पाऊस क्वचित पडतो, पण पडतो तेव्हा जोरात. मातीला धरून ठेवायला झाडझुडूप नाही, पाणी मुरत नाही, ते घळी कापत थेट खाली धावतं. या निऱ्या त्या पाण्याने पाडल्या आहेत.

समोर एक टोकदार सुळका दिसतो, त्याचं नाव मॅनली बीकन. १८४९ साली सोन्याच्या शोधात निघालेली काही कुटुंबं या खोऱ्यात अडकली होती. विल्यम मॅनली आणि जॉन रॉजर्स हे दोघं मदत आणायला पायी बाहेर पडले आणि अन्न घेऊन परत आले. त्या मॅनलीचं नाव या सुळक्याला दिलंय. घरच्या ज्येष्ठांना अशा गोष्टी आवडतात, वर बसल्यावर सांगायला ही जरूर लक्षात ठेवा.

आता अडचण. वाट रुंद आहे, पक्की आहे, पायऱ्या नाहीत. पण पार्किंग सोडलं की चढ सुरू होतो आणि तो चांगलाच अंगावर येतो. काठी घेऊन, मध्ये थांबत थांबत जाणाऱ्याला जमतं. व्हीलचेअर मात्र ढकलायला दमदार माणूस हवा, शक्यतो दोघं. उतरताना जास्त काळजी घ्या: खुर्ची उलटी फिरवायची, ढकलणाऱ्याने उताराच्या बाजूला राहायचं आणि एकेक पाऊल मागे टाकत यायचं. तोंड उताराकडे ठेवून सोडलं तर पुढची छोटी चाकं बारीकशा खडीतही अडकतात आणि बसलेला माणूस पुढे झुकतो. खालून, पार्किंगमधून, मुख्य दृश्य दिसत नाही. म्हणजे चढायला जमलं नाही तर हाताला फारसं काही लागत नाही, आणि निर्णय घेताना हे फार महत्त्वाचं आहे.

वेळ पहाटेची. सूर्य पाठीमागून येतो. आधी पलीकडच्या पॅनामिंट डोंगरांचे माथे गुलाबी होतात, मग मॅनली बीकनचं टोक उजळतं आणि मग ऊन हळूहळू घळींत उतरतं. उजाडायच्या अर्धा तास आधी पोचा. चढायला निवांत वेळ मिळतो आणि फोटोवाल्यांनी कठडा अडवायच्या आत खुर्चीला जागा मिळते.

डांटेज व्ह्यू, तिथूनच पुढे

त्याच उद्यानात, गाडीने साधारण अर्ध्या-पाऊण तासावर. हा पॉइंट १,६६९ मीटर उंचीवर आहे आणि थेट पायाखाली बॅडवॉटरचं पांढरं मिठाचं मैदान पसरलेलं दिसतं, समुद्रसपाटीपेक्षा ८६ मीटर खाली. समोर टेलिस्कोप पीक, ३,३६८ मीटर. उत्तर अमेरिकेतली सर्वांत खोल जमीन आणि तिच्या डोक्यावर थंडीत बर्फ मिरवणारं शिखर, मान न वळवता एका नजरेत. दुर्बीण असेल तर मिठावर फिरणारी माणसं शोधून दाखवा, खालच्या पसाऱ्याचा आवाका तेव्हा कुठे लक्षात येतो.

चढ इथेही आहे, पण तो गाडी चढते. पार्किंगपासून कठडा काही पावलांवर आहे, आणि ज्यांना उतरायचंच नाही त्यांनाही गाडीत बसून बरंच काही दिसतं. शेवटचा पाव मैल रस्ता फार उभा आणि वळणाचा आहे. २५ फुटांपेक्षा लांब गाड्यांना तिथे बंदी आहे, त्यामुळे मोठी आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, भाड्याने घेतली असेल तर हा पॉइंट विसरा. ज्यांना घाटात मळमळतं त्यांना आधी सांगून ठेवा.

वर वारा बोचरा असतो, हवा खोऱ्यापेक्षा ८ ते १४ अंश सेल्सिअसने थंड. खाली पंखा शोधणाऱ्या माणसाला वर स्वेटर लागतो. रंगांच्या बाबतीत मात्र हा झॅब्रिस्कीची बरोबरी करत नाही. इथे भव्यता आहे, जवळून न्याहाळावं असं फारसं काही नाही.

कीज व्ह्यू, जोशुआ ट्री

लॉस एंजेलिसकडे राहणाऱ्यांसाठी सोयीचा, एका दिवसात होण्यासारखा. उंची १,५८० मीटर. खाली कोचेला खोरं, त्यातून जाणारी सॅन अँड्रियास भूभ्रंशाची, म्हणजे जमिनीतल्या मोठ्या भेगेची, रेघ, डावीकडे दूरवर सॉल्टन सी हा तलाव, समोर सॅन जसिंटोचा डोंगर. व्हीलचेअरवाल्यांसाठी खालच्या बाजूला वेगळी जागा केलेली आहे. वरच्या पाव मैलाच्या फेरीला चढ आहे, तिचा हट्ट धरू नका. खालूनही दृश्य तेच आहे.

मला इथली धूसर हवा खटकते. शहरांकडून येणारा धुरका बऱ्याच दिवशी खोऱ्यावर बसलेला असतो आणि मग सॉल्टन सी म्हणजे नुसता फिका डाग. त्यामुळे केवळ या पॉइंटसाठी लांबून येऊ नये. त्याची भरपाई होते ती कीज व्ह्यूच्या फाट्यालाच असलेल्या कॅप रॉकला: अर्ध्या मैलाहून थोडी लहान, सपाट, व्हीलचेअर जाईल अशी फेरी, प्रचंड गोल शिळा आणि जोशुआची झाडं यांच्यामधून. दोन्ही मिळून संध्याकाळ छान जाते.

ग्रँड व्ह्यू पॉइंट, कॅन्यनलँड्स

व्हीलचेअर असेल तर माझं मत सरळ इथे. यूटामधल्या मोॲब गावापासून पाऊण-एक तास. रस्ता उंच पठारावरून जातो, त्यामुळे ज्याला चढ म्हणावा तो गाडीतच संपलेला असतो. पार्किंगपासून पहिल्या कड्यापर्यंत शंभरेक यार्डांची फरसबंद वाट आहे आणि कड्यावर पोचल्यावर जमीन एकदम संपते. सुमारे १,२०० फूट खाली व्हाइट रिम नावाचा फिकट वालुकाश्माचा थर सज्जासारखा पसरलेला आहे. तोही पुढे फाटून आणखी खोल दऱ्या दिसतात, त्यात तांबडे सुळके उभे. त्या सज्जावरून दोऱ्याएवढी एक कच्ची वाट दिसते. १९५०च्या दशकात युरेनियम शोधणाऱ्यांसाठी ती केली गेली. नशीब असेल तर तिच्यावरून जाणारी एखादी जीप धुळीचा ठिपका होऊन सरकताना दिसते.

याच रस्त्यावर बक कॅन्यन आणि ग्रीन रिव्हर हे दोन पॉइंटही व्हीलचेअरला सोयीचे आहेत, म्हणजे एका फेरीत तीन वेगवेगळी दृश्यं. मेसा आर्च या दगडी कमानीचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो आणि ‘तिथेही जाऊ’ असा आग्रह होतो. ती वाट छोटी असली तरी खडकाळ, उंचसखल आणि पायऱ्यांची आहे. नाजूक गुडघ्यांना तिथे नेऊ नका.

पक्की वाट सोडून पुढे कड्याकडेने जाणारी मैलभराची वाट आहे, तिला कठडे नाहीत. नातवंडं सोबत असतील तर एकाने फक्त त्यांच्याकडे लक्ष ठेवावं. आणि वाटेबाजूची काळपट, खरखरीत माती तुडवू देऊ नका. ती सूक्ष्मजीवांनी विणलेली जिवंत साय आहे, एका पावलाची खूण भरून यायला कित्येक वर्षं लागतात.

उंची साधारण १,८५० मीटर. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांशी आधी बोलून घ्या. डिसेंबर-जानेवारीत वाटेवर बर्फ गोठलेलं असू शकतं, काठीवाल्यांना तेव्हा टाळलेलं बरं. जवळचा डेड हॉर्स पॉइंटही फार सुंदर आहे, सुमारे २,००० फूट खाली कोलोरॅडो नदीचं वळण थेट दिसतं आणि पक्की वाट आहे. पण ते राज्याचं उद्यान आहे, राष्ट्रीय उद्यानांचा पास तिथे चालत नाही.

पैसे आणि महिना

डेथ व्हॅली, जोशुआ ट्री आणि कॅन्यनलँड्स, तिन्हींचा प्रवेश गाडीमागे ३० डॉलर, सात दिवसांसाठी. ज्येष्ठांचा आणि दिव्यांगांचा सवलतीचा पास फक्त अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांना मिळतो. व्हिसावर आलेल्या आई-बाबांना नाही. २०२६पासून ग्रँड कॅन्यनसह अकरा उद्यानांत परदेशी पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जादा लागतात. ही तिन्ही त्या यादीत नाहीत, हे मोठ्या कुटुंबाच्या हिशोबात नक्की धरा.

आई-बाबा बहुधा उन्हाळ्यात येतात, आणि नेमकं तेव्हा डेथ व्हॅली त्यांच्यासाठी नाही. १९१३च्या जुलैमध्ये तिथे ५६.७ अंशांची नोंद झाली होती, आणि आजही उन्हाळ्यात पहाटेसुद्धा खोऱ्यात हवा तापलेली असते. जून ते सप्टेंबर असेल तर ग्रँड व्ह्यू पॉइंट, तोही सकाळी दहाच्या आत. नोव्हेंबर ते मार्च असेल आणि पायात थोडी ताकद असेल, तर झॅब्रिस्कीची पहाट आणि नाश्त्यानंतर डांटेज व्ह्यू, असा दिवस ठरवा. चढ नकोच असेल तर फक्त डांटेज. लॉस एंजेलिसहून एकच दिवस हाताशी असेल तर कीज व्ह्यू, सकाळी खोरं स्वच्छ दिसतंय का बघून.

पाणी कुठल्याच पॉइंटवर मिळेल असं धरून चालू नका, माणशी चार लिटर गाडीत असू द्या. संडास बहुतेक ठिकाणी बिनपाण्याचे असतात, म्हणून हात धुवायला वेगळी बाटली घ्या. व्हीलचेअर भाड्याने घेताना मागची चाकं मोठी आणि ब्रेक पक्के आहेत ना, ते दुकानातच एखाद्या उतारावर खुर्ची उभी करून पाहा. आणि निघायच्या आदल्या रात्री उद्यानाच्या संकेतस्थळावर रस्ते आणि पॉइंट उघडे आहेत का ते बघा. डेथ व्हॅलीत एका वादळी पावसाने रस्ता वाहून जातो आणि दुरुस्तीसाठी महिनोन्महिने बंद राहतो.