पाचवीला गावातच ठेवायचं की तालुक्याला घालायचं?

मुलाची चौथी संपत आली की घरात चर्चा सुरू होते. मुंबईचा काका फोनवरून इंग्रजी माध्यमाची बाजू घेतो, आजी म्हणते एवढ्या लांब कशाला. अभ्यासाबद्दल सगळेच बोलतात, तो इथे बाजूला ठेवू. पुस्तकाबाहेरचं काय मिळतं आणि पालकाच्या शब्दाला कुठे किंमत आहे, एवढंच पाहू. कोकणातला राजापूर-देवगड पट्टा डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला हव्यात. अध्यक्ष पालकांमधला, मुख्याध्यापक सचिव. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते, अनुदान कुठे गेलं तेही हिनेच बघायचं. म्हणजे अधिकार खरा आहे. पण बैठक ऐन लावणीत आली तर ओसरीवर चार डोकी जमतात आणि सह्यांचं रजिस्टर मागाहून घरोघर फिरतं. बाप चाकरमानी, त्यामुळे बसते ती आईच. ती बोलली तर शाळा हलते, हे मात्र खरं.

तालुक्याच्या विनाअनुदानित शाळेला या समितीचं बंधन नाही. तिथे पालक-शिक्षक संघ असतो. २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानुसार तो वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत व्हायला हवा. त्याच्या कार्यकारी समितीत पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे, अध्यक्ष मात्र मुख्याध्यापक. फी वाढवायची तर प्रस्ताव या समितीपुढे येतो, आणि पालकांची खरी ताकद एवढीच. बाकी वर्षभर गॅदरिंगचे कपडे, डबे, ग्रुपवरच्या सूचना.

उपक्रमांत पहिल्या नजरेत तालुकाच जिंकतो. कराटे, बुद्धिबळ, नाच, कुठे रोबोटिक्स. शिकवायला वेगळी माणसं आणि बहुतेक वेळा वेगळी फी. गावच्या शाळेत चित्रकलेला किंवा खेळाला वेगळा शिक्षक का दिसत नाही, याचं कारण कायद्यातच आहे. कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांना अर्धवेळ निदेशक मिळतो तो सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तरच. आपल्याकडे वाड्या रिकाम्या होत चालल्यात, शंभर मुलं आणायची कुठून?

ती जागा गावानेच भरायची. पहिली ते आठवीला ‘आनंददायी शनिवार’ आहे, तो वार धरा. नमनात, म्हणजे आपल्या कोकणी लोकनाट्यात, मृदंग वाजवणारा आजोबा वाडीत असतोच, त्याला शाळेत बोलवायला पैसे लागत नाहीत, समितीत कोणीतरी नाव सुचवावं लागतं. कशेळीच्या आसपास राहत असाल तर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, कोरलेला कातळशिल्पातला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. सुंभाची दोरी घेऊन मुलांना बाहेरच्या कडेने चालवा, रेषेवर पाय पडू देऊ नका. नंतर तोच हत्ती वहीच्या पानावर प्रमाणात काढायला सांगा. सहावीचं गुणोत्तर एका सकाळी कळतं. तालुक्याची शाळा याच जागी सहल काढेल, मुलं फोटो काढून वडापाव खाऊन परत येतील.

आता एसटी. तालुक्याच्या शाळेतले छंदवर्ग शाळा सुटल्यावर असतात आणि नेमकी तेव्हाच आपली गाडी सुटते. ती चुकली की पुढची कधी, हे स्टँडवर विचारून या. जून-जुलैत अंधार आणि पाऊस धरून हिशेब करा. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, पण शाळेच्या खासगी व्हॅनला तो चालत नाही.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. आठवीतली एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे. उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल निवडलं गेलं, तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. विनाअनुदानित शाळेतून ही वाट बंद. उलट सहावीच्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची तयारी खासगी शाळा आपणहून करून घेतात. गावात गुरुजींच्या मागे लागावं लागतं.

माझं मत विचाराल तर घरातलं एक माणूस महिन्यातला एक शनिवार देऊ शकत असेल आणि शाळेत निदान तीन शिक्षक टिकून असतील, तर सातवीपर्यंत गाव सोडू नका. आंब्याच्या हंगामात दोघेही कलमांत, म्हातारी माणसं थकलेली आणि शाळेत एकच गुरुजी असतील, तर तालुका गाठा. पण आधी तिथल्या जुन्या अनुदानित हायस्कूलमध्ये जाऊन या. पाचवीपासूनचे वर्ग बहुधा असतात, फीचा बोजा कमी, एनएमएमएसची वाटही उघडी.

ठरवण्याआधी गावच्या शाळेत समितीच्या मागच्या दोन-तीन सभांचं इतिवृत्त मागा आणि त्यात पोषण आहाराखेरीज काही विषय दिसतो का बघा. तालुक्याच्या शाळेत एवढंच विचारा: छंदवर्गाच्या दिवशी लांबच्या गावातली मुलं घरी कशी जातात?