ओढ्याचा काठ ढासळतोय: काँक्रीटची भिंत, गॅबियन की हिरवा उतार?

ओढ्याकाठच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पावसाळ्यानंतर हा विषय हमखास निघतो आणि पहिली सूचनाही ठरलेली असते: "एकदाची भिंत बांधून टाका." पुण्यातली रामनदी असो, आंबिल ओढा असो किंवा मुळेला मिळणारा एखादा बिननावाचा नाला, भिंत हा तीनपैकी एकच पर्याय आहे. बाकीचे दोन म्हणजे गॅबियन (जाळीत दगड भरून रचलेला बांध) आणि गवत-झाडं लावलेला हिरवा उतार. बहुतेक ठिकाणी तो सर्वांत महागही पडतो.

ठेकेदाराला बोलावण्याआधी नकाशा पाहा. जलसंपदा विभागाच्या निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीत, बांधकामाला मनाई असते. निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात, म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीत, अटींवर परवानगी मिळते. या रेषा मुख्यतः नद्यांवर आखलेल्या आहेत. ओढ्यासाठी विकास आराखड्यातली आखणी आणि मोजणीचा नकाशा दोन्ही काढून एकमेकांवर ठेवा. ओढा प्रत्यक्षात वाहतो एकीकडे आणि नकाशात दिसतो दुसरीकडे, असं पुण्यात सर्रास आढळतं. काठ कोणाचा हेच नक्की नसेल तर कोणताही पर्याय बेकायदा ठरू शकतो.

त्यानंतर दोन मापं घ्या. पहिलं म्हणजे काठाची उंची आणि काठापासून इमारतीपर्यंतचं अंतर. दुसरं म्हणजे पुराच्या पाण्याचा वेग. त्यासाठी काठावरच्या दोन खांबांमधलं अंतर आधी टेपने मोजून ठेवा, पूर आला की पुलावरून किंवा गच्चीतून पाहत वाहत्या ओंडक्याला एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत किती सेकंद लागतात ते टिपा. पाण्याजवळ जायचं कारण नाही. अंतर भागिले सेकंद हा पृष्ठभागावरचा वेग, त्याला 0.85 ने गुणलं की सरासरी वेग कळतो. सेकंदाला दीड मीटरपर्यंतचा वेग चांगलं रुजलेलं साधं गवतही सोसतं. वेग त्याहून बराच जास्त असेल आणि ओढ्याच्या वळणाची बाहेरची बाजू तुमच्याकडे असेल, तर काठाच्या पायथ्याशी दगड लागणारच.

आता भिंतीकडे येऊ. 3 मीटर उंच भिंतीचा तळ साधारण दीड ते दोन मीटर रुंद लागतो, म्हणजे जागा कमी असली की भिंतच सोयीची. पुलाचं तोंड, मोरी, काठापासून दोन-तीन मीटरवर आलेली इमारत, अशा ठिकाणी दुसरं काही चालतही नाही. मात्र भिंत पडते ती बहुधा मागून. पुरात मागची माती पाण्याने भरते, पहाटे ओढा झपाट्याने उतरतो, पण मातीतलं पाणी तेवढ्या वेगाने निघत नाही. समोरचा आधार गेलेला असतो आणि मागचा रेटा तसाच राहतो. मागे 3 मीटर पाणी तुंबलं तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर नुसत्या पाण्याचाच सुमारे साडेचार टन रेटा येतो. म्हणून 100 मिमीचे वीप होल, म्हणजे मागचं पाणी बाहेर काढणारी भोकं, दीड-दीड मीटरवर आणि बाहेरच्या बाजूला उतार देऊन हवेत, आणि त्यांच्यामागे खडीचा थर व पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं जिओटेक्स्टाइलचं कापड हवं. ते कापड नसेल तर दोन पावसाळ्यांत भोकं गाळाने बुजतात. मागच्या भरावात काळी माती अजिबात नको, कारण ती भिजली की फुगते. मुरूम वापरा. राडारोडा टाकून भराव 'फुकटात' करून देतो असं कोणी म्हणालं तर त्याला गेटवरूनच परत पाठवा.

पाया ओढ्याच्या तळाच्या किती खाली न्यायचा, हा खरा खर्चाचा मुद्दा आहे. गुळगुळीत भिंतीला लागून पाणी वेग घेतं, पायथ्याची माती खरवडतं आणि समोरच्या काठावर आदळतं. पाया खरवडीच्या खोलीच्या खाली किंवा थेट कातळात गेला नाही तर भिंत अखंडच्या अखंड ओढ्याकडे कलते. साध्या ब्लॉकच्या सीमाभिंतीला तर हे काम सांगूच नये. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा काठच्या सीमाभिंती कोसळून माणसं दगावली.

आणखी एक गोष्ट सभेत कोणी विचारत नाही. भिंत बांधली तरी पाणी आत येतं, ते पावसाळी गटाराच्या चेंबरमधून. ओढ्याची पातळी पाइपच्या वर गेली की पाइप उलटा वाहू लागतो. त्यावर झडप म्हणजे फ्लॅप व्हॉल्व्ह बसवता येतो, पण झडप बंद असताना आवारात पडणारा पाऊस बाहेर जात नाही. तो उपसायला पंप लागतो आणि पूर आला की बहुतेक वेळा वीजही गेलेली असते. पंपासाठी जनरेटर पूरपातळीच्या वर बसवायचा, तळघरात नाही. भिंतीच्या अंदाजपत्रकात हा खर्च क्वचितच धरलेला दिसतो.

गॅबियन म्हणजे तारेच्या जाळीच्या पेट्यांमध्ये डबर भरून रचलेला बांध. पाणी त्यातून आरपार जातं, त्यामुळे मागचा रेटा साठत नाही. थोडा खचला तरी तो वाकून बसतो, तुटत नाही. 3 मीटर उंचीला खालून 2, दीड आणि 1 मीटर रुंदीचे तीन थर धरले तर मीटरमागे साडेचार घनमीटर डबर लागतो. 30 मीटर लांबीला 135 घनमीटर, म्हणजे सुमारे 48 ब्रास. दगड 100 ते 250 मिमीचा, घट्ट काळा पाषाण हवा. ठिसूळ मुरमाड दगड फुटून जाळीतून गळतो. दर्शनी बाजूचे दगड हाताने रचून घ्या. जेसीबीने ओतले की पेटीचं पोट फुगतं. एक मीटर उंच पेटीत एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश उंचीवर समोरची व मागची जाळी तारेने ओढून बांधायची असते. हेच काम घाईत वगळलं जातं. काम चालू असताना तिथे उभं राहून पाहण्यासारखी गोष्ट ती हीच, कारण झाकण बांधल्यावर आतलं काही दिसत नाही. पुण्याच्या ओढ्यांत मैलापाणी असतं, म्हणून नुसत्या जस्ताच्या मुलाम्यावर थांबू नका, पीव्हीसी आवरणाचीच तार घ्या. पायथ्याशी ओढ्याच्या तळावर दगडाची सपाट गादी पसरली तर खालची खरवड थांबते. फटींत प्लास्टिक अडकतं आणि दरवर्षी काढावं लागतं. साप येतील ही तक्रार सभेत येणारच. पण साप उंदरांमागे येतो आणि उंदीर कचऱ्यामागे.

हिरव्या उताराला जागा लागते. एक उभा, दोन आडवा असा उतार धरला तर 3 मीटर काठाला 6 मीटर जागा जाते, वर दोन-तीन मीटरचा पट्टा वेगळा. तेवढी जागा असेल तर तिघांत हाच स्वस्त. 30 मीटर लांबीला काथ्याची जाळी, वरचं-खालचं टोक पुरणं आणि जोड धरून, सुमारे 240 चौरस मीटर लागते. वरचं टोक एक फूट खोल चरात पुरायचं, बाकी जाळी मीटरभर अंतरावर बांबूच्या खुंट्यांनी मातीला घट्ट चिकटवायची. जाळी आणि माती यांत पोकळी राहिली तर पाणी तिथूनच वाट काढतं. त्यातून वाळ्याचे ठोंब 15 सेंटीमीटरवर, एकेक मीटर उंचीच्या फरकाने तीन ओळी लावा. म्हणजे सुमारे 600 ठोंब. वाळ्याला ऊन लागतं. झाडाच्या दाट सावलीत तो मरतो, तिथे निर्गुडी लावा. पाण्यालगत वाळुंज आणि शेरणी, त्याच्या वर करंज, उंबर, जांभूळ. सुबाभूळ नको, ती बाकी सगळं दाबून टाकते.

या पर्यायाचं खरं दुखणं वेळापत्रक. जूनमध्ये वृक्षारोपणाचा कार्यक्रम करून लावलेली रोपं जुलैच्या पहिल्या लोंढ्यात जातात. मातीकाम जानेवारीत, लागवड फेब्रुवारीत आणि मेअखेरपर्यंत पाणी, असं केलं तरच पावसाळ्याआधी मुळं धरतात. उन्हाळ्यात टँकर घ्यावा लागत असेल तर तो खर्चही आधीच धरा. पहिली दोन वर्षं कोणीतरी लक्ष ठेवणारं हवं. तसं माणूस मिळत नसेल तर या वाटेला जाऊ नका.

पाण्याच्या गुणवत्तेचा विचार केला तर तिघांतला फरक मोठा आहे. भिंत आवारातलं पाणी पाइपने जसंच्या तसं ओढ्यात सोडते. गॅबियन मातीत मुरलेलं पाणी गाळून सोडतो, पण पृष्ठभागावरून वाहणाऱ्या पाण्याचं त्याला काही करता येत नाही. हिरवा पट्टा पार्किंगमधली माती, तेल, पानांचा कचरा अडवतो, मात्र पाणी पसरून आलं तरच. एकाच पाइपमधून आलं तर ते उतारात घळ पाडतं. पाइपच्या तोंडाशी दगडाची समपातळीतली लांब पट्टी बांधा, म्हणजे पाणी तिच्यावरून पातळ थराने उतरेल. साबण आणि मैला मात्र यातलं काहीच अडवत नाही. एप्रिलमध्ये पावसाळी पाइप कोरडा असायला हवा. त्यातून करडं, वास येणारं पाणी वाहत असेल तर कुठल्यातरी इमारतीची ड्रेनेज लाइन चुकून त्याला जोडली आहे. चेंबर उघडून, एकेका इमारतीच्या संडासात रंग टाकून ती शोधता येते. हे काम काठाच्या कामाआधी करा, नाहीतर नव्या बांधाच्या पायथ्याशी तेच पाणी साचत राहील.

6 ते 9 मीटर जागा आणि ओढ्याची सरळ किंवा आतली बाजू असेल तर हिरवा उतार. बाहेरचं वळण असेल तर खाली मीटरभर गॅबियन आणि वर उतार. पुण्याच्या बहुतेक ओढ्यांवर हीच जोडी बसते. जागा तीन-चार मीटर असेल तर पूर्ण उंचीचा गॅबियन, आणि त्याहूनही कमी असेल तर भिंत, तीही स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या आकडेमोडीनंतर. ओढ्याच्या पात्रात पुढे सरकून जागा 'तयार' करणं हा पर्यायच नाही. पात्र अरुंद झालं की पुराची पातळी वरच्या बाजूला चढते आणि शेजारच्या सोसायटीत शिरते. म्हणून वर-खाली दोनशे मीटरपर्यंतच्या शेजाऱ्यांना बरोबर घेऊन एकच आराखडा महापालिकेकडे द्या. तुटक-तुटक काम केलं तर तुमच्या बांधाच्या दोन्ही टोकांना पाणी मागून घुसतं. ही टोकं काठात किमान दोन मीटर आत वळवून पुरावीत, आणि पहिल्या मोठ्या पुरानंतर सगळ्यात आधी तीच तपासावीत.